फर्नेस अडते कुठे?

जानेवारीतल्या एका रात्री अडीचच्या सुमाराला नाकाचा शेंडा गार पडला म्हणून जाग आली. पांघरुणाबाहेर तेवढाच होता. थर्मोस्टॅट लावलेला ६८ वर, घरात ६१, आणि बाहेर उणे १०. सगळे आकडे फॅरनहाइटमधले. बेसमेंटमध्ये उतरलो, शेवटच्या पायरीवर बसलो आणि फर्नेसकडे बघत राहिलो. आधी एक बारीकशी मोटर घुंऽऽ करत सुरू झाली. थोड्या वेळाने काचेच्या झरोक्यात नारिंगी उजेड दिसला. ‘टक्’ असा आवाज आला, निळ्या ज्योती एका ओळीत भराभर पेटत गेल्या. हुश्श करतो न करतो तोच, तीन-चार सेकंदांत, त्या विझल्या. पुन्हा मोटर, पुन्हा नारिंगी उजेड, पुन्हा ज्योती, पुन्हा अंधार. तिसऱ्यांदाही तेच. मग सगळं चिडीचूप, आणि आतल्या पाटीवर एक टीचभर दिवा लुकलुकत राहिला.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? गॅस संपला! शिकागोच्या उपनगरात इतकी वर्षं काढली, घरात गॅस नळाने येतो हे रोज बघतो, तरी मनातला सिलिंडर काही रिकामा व्हायचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने एक स्क्रू काढला, विणकामाच्या सुईएवढी एक धातूची काडी बाहेर ओढली, बारीक स्टील वूलने चार वेळा पुसली आणि परत बसवली. दहा मिनिटांचं काम. बिल मात्र दहा मिनिटांचं नव्हतं.

त्या काडीकडे आपण येऊच. आधी हे यंत्र काय आहे ते बघू. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात पुष्कळ घरांच्या तळघरात, नाहीतर एखाद्या कपाटात, पत्र्याची एक उभी पेटी असते. तिच्या पोटात गॅस जळतो, त्या आगीने धातूच्या नळ्या तापतात, त्या नळ्यांवरून पंखा घरातली हवा ढकलतो आणि ही गरम हवा पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत जाते. गॅसवर चालणाऱ्या अशा मध्यवर्ती रचनेचं एक पेटंट डिसेंबर १९१९ मध्ये न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनच्या अॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेला मिळालं होतं. साध्या घरातल्या फर्नेसची ताकद तासाला ६० हजार ते १ लाख बीटीयू असते. हा आकडा आपल्या हिशेबात आणायचा तर असं म्हणता येईल: ८० हजार बीटीयूच्या फर्नेसला आपला १४.२ किलोचा लाल सिलिंडर जोडला आणि ती सलग चालवली, तर सिलिंडर साधारण आठ तासांत रिकामा होईल. एवढी आग माणसं झोपलेली असताना, कुणाच्याही देखरेखीवाचून, दिवसातून कित्येकदा पेटते आणि विझते. त्यामुळे तिच्यावर पहारा कडक असणारच.

हा पहारा सरकारी कचेरीतल्या फाइलीसारखा चालतो. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, आधीची सही असल्याशिवाय पुढचा साहेब पेन उचलत नाही. थर्मोस्टॅट म्हणतो, घर गार पडलंय. ही झाली अर्जाची सुरुवात. फर्नेसमधली इलेक्ट्रॉनिक पाटी आधी ती बारीक मोटर सुरू करते. तिचं नाव इंड्यूसर. जळलेला धूर घराबाहेर ओढून काढणं हे तिचं काम. धूर खरोखर बाहेर ओढला जातोय का, हे हवेच्या दाबावर चालणारा एक स्विच तपासतो. त्याची सही झाली की इग्नायटर तापून लालबुंद होतो. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. ज्योत खरंच लागली का, हे ती काडी सांगते. तिने होकार दिला तरच गॅस चालू राहतो. आणखी अर्ध्या-पाऊण मिनिटाने, नळ्या तापल्यावर, मोठा पंखा म्हणजे ब्लोअर सुरू होतो. कुठे एक सही राहिली की फाइल तिथेच थांबते, किंवा पुन्हा पहिल्या टेबलावर येते. तीन-चार प्रयत्न फसले तर पाटी तासभर किंवा जास्त वेळ दार लावून बसते.

म्हणून फर्नेस बंद पडली की पाना शोधू नका, स्टूल शोधा. समोर बसा आणि फाइल कोणत्या टेबलावर अडते ते बघा. मोटरच सुरू होत नाही, मोटर होते पण इग्नायटर तापत नाही, ज्योत लागते पण टिकत नाही, ज्योत टिकते पण हवा गार येते; ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पाटीवरचा तो लुकलुकणारा दिवाही उगाच लुकलुकत नसतो. तो किती वेळा चमकून थांबतो ते मोजायचं. त्याचा अर्थ सांगणारा तक्ता बहुतेक वेळा फर्नेसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. प्रत्येक कंपनीची भाषा निराळी, त्यामुळे शेजाऱ्याच्या फर्नेसचा तक्ता आपल्या कामाचा नाही.

काहीच हालचाल नसेल तर पहिल्या टेबलापासून सुरुवात करू. थर्मोस्टॅटचा जन्मच मुळी निरोप्या म्हणून झाला. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्ग गरम आहे की गार हे बघायला शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात यायचा आणि तळघरात जाऊन झडपा फिरवायचा. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सननी वर्गातून थेट तळघरात घंटा वाजेल अशी विजेची युक्ती काढली आणि १८८३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजचा थर्मोस्टॅट कितीही चकचकीत असला, फोनवरून चालत असला, तरी २४ व्होल्टच्या दोन तारा जोडून तो तीच घंटा वाजवतो. बॅटरी मेली की घंटा बंद. ती आधी बदलून बघा.

इथेच एक गैरसमज काढून टाकू. घर लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट ६८ वरून एकदम ८० वर नेणारे पुष्कळ आहेत. पाहुणे आले की हे हमखास होतं. पण हा शेगडीचा नॉब नाही. साध्या फर्नेसला पेटणं आणि विझणं एवढंच ठाऊक. ६८ साठी जेवढ्या जोराने ती जळेल तेवढ्याच जोराने ८० साठी. फक्त थांबणार उशिरा. तसंच त्यावर पंख्याचं एक बटण असतं, ‘ऑटो’ आणि ‘ऑन’. ते ‘ऑन’वर राहिलं तर आग विझलेली असतानाही ब्लोअर फिरत राहतो आणि ‘फर्नेस गार हवा फेकते’ म्हणून माणूस मेकॅनिकला बोलावतो.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर वीज बघा. फर्नेसला गॅस लागतो तशी वीजही लागते, हे पहिल्या हिवाळ्यात अनेकांना माहीत नसतं. ब्रेकर पडलेला असू शकतो. फर्नेसच्या बाजूला किंवा तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी दिव्याच्या बटणासारखंच एक बटण असतं. कुणीतरी दिवा समजून ते बंद केलेलं असतं. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे दार. ब्लोअरच्या कप्प्याचं झाकण नीट बसलं नाही तर आतला एक छोटा स्विच दाबला जात नाही आणि सगळं यंत्र मुकं होतं. फिल्टर बदलल्यानंतर लगेच फर्नेस बंद पडली असेल तर शंभरातली निम्मी शंका या झाकणावर घ्यावी. झाकण काढा, खालची कड खाचेत घाला, वर दाबा.

आता फिल्टर. याच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी घरांत तो जास्त राबतो. घरातून परत येणारी हवा फर्नेसमध्ये शिरण्याआधी पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या या चुण्यांच्या कागदातून गाळली जाते. आपल्याकडे रोजची फोडणी, संध्याकाळची उदबत्ती, वर पंख्याने धूर बाहेर न टाकता नुसता फिरवणारी चिमणी. तो तेलकट धूर, अंगावरची लोकर, कार्पेटची धूळ, सगळं तिथे येऊन बसतं. आमच्या घरी एक इंच जाडीचा फिल्टर सहा आठवड्यांत शेवया तळल्यासारख्या रंगाचा होतो. पाकिटावर तीन महिने लिहिलेलं असतं, ते वाचावं आणि महिन्याला एकदा काढून उजेडात धरावं. पलीकडचा दिवा दिसत नसेल तर त्याचे दिवस भरले. नवा घालताना चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेला असला पाहिजे.

फिल्टर तुंबला तर नेमकं काय होतं? आग तेवढीच, पण नळ्यांवरून जाणारी हवा कमी. नळ्या प्रमाणाबाहेर तापतात. तिथे बसलेला लिमिट स्विच नावाचा पहारेकरी गॅस तोडतो. ब्लोअर मात्र नळ्या गार करायला फिरतच राहतो, म्हणून खोलीत कोमट, मग गार हवा येते. निवल्यावर स्विच पुन्हा जुळतो, पुन्हा आग, पाच-सात मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. दिवसभर फर्नेस चालू-बंद होत राहते आणि घर काही तापत नाही. वरकरणी हे मोठ्या बिघाडासारखं दिसतं. औषध एका फिल्टरचं. ‘चांगला’ म्हणून फार बारीक जाळीचा, १३ मर्व्हचा (मर्व्ह हे फिल्टरच्या बारकाईचं माप) महागडा फिल्टर पातळ चौकटीत घातला तरी परिणाम तोच होऊ शकतो. जुन्या फर्नेसला ८ ते ११ मर्व्ह पुरे.

असाच गळा दुसऱ्या टोकालाही आवळता येतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांना रिकाम्या खोलीत गरम हवा सोडणं पटत नाही, आणि त्यांचं चुकतही नाही. आयुष्यभर खोलीबाहेर पडताना दिवा मालवलेली माणसं ती. माझ्या आईने एका हिवाळ्यात आठ खोल्यांपैकी पाच खोल्यांच्या जमिनीतल्या जाळ्या बंद केल्या होत्या आणि सहाव्या जाळीवर परातीत सांडगे वाळत घातले होते. सांडगे फक्कड झाले. फर्नेस दर दहा मिनिटांनी धापा टाकत होती. एखाद-दुसरी जाळी बंद चालते, पण पंखा एक आणि वाटा दोनच उरल्या की हवा कोंडते. “अगं आई, गॅस वाचत नाहीये, उलट फर्नेसचा जीव गुदमरतोय,” असं म्हटल्यावर तिने जाळ्या उघडल्या. नुसतं ‘एअरफ्लो’ म्हणून ते झालं नसतं.

हवेची दुसरी गोष्ट घराबाहेर घडते. तुमच्या फर्नेसचा धूर पत्र्याच्या नळीतून छपरावर जात असेल तर ती साधारण ८० टक्के कार्यक्षमतेची, जुन्या पद्धतीची. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून बाजूच्या भिंतीबाहेर जात असेल तर ९० टक्क्यांच्या वरची. प्लॅस्टिक चालतं, कारण धूर तिथपर्यंत पार निवलेला असतो. गॅस जळला की वाफ तयार होते. ही नवी फर्नेस त्या वाफेचं पाणी होईपर्यंत तिच्यातली उष्णता काढून घेते, भाताच्या झाकणाखाली थेंब जमतात तसं. कडाक्याच्या दिवशी हे पाणी कित्येक लिटर होतं आणि ते किंचित आम्लधर्मी असतं. ते एका बारीक नळीतून वाहून जातं. नळी शेवाळाने तुंबली किंवा गारठलेल्या भिंतीत गोठली, तर पाणी आत साचतं. भिंतीबाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी बर्फाचा ढीग जमला तर धूर अडतो. दोन्ही वेळा लक्षण एकच: इंड्यूसर घुंऽऽ करत राहतो, पण पुढे काही घडत नाही, कारण दाबाच्या स्विचने सही दिलेली नाही. हिमवादळानंतर गाडी उकरण्याआधी त्या पाइपाभोवतीचा बर्फ हाताने बाजूला करावा. फावडं मारू नका. प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ झालेलं असतं.

आता ती काडी. तिचं नाव फ्लेम सेन्सर आणि तिची युक्ती मला अजूनही थक्क करते. ज्योतीतून वीज वाहते. फार थोडी, अँपिअरचे काही दशलक्षांश भाग, पण वाहते. पाटी या काडीला उलटसुलट दिशेची वीज देते. काडी बारीक आणि समोरचा बर्नर मोठा, त्यामुळे ज्योतीतून एका दिशेला जास्त वीज जाते, दुसऱ्या दिशेला कमी. हा एकतर्फीपणा दिसला की पाटी समजते, ज्योत आहे. तार कुठे नुसती चिकटली असेल तर वीज दोन्हीकडे सारखी वाहील, आणि पाटी फसणार नाही. काडीवर एक-दोन हिवाळ्यांत डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पांढुरका थर चढतो. तो वीज अडवतो. समोर ज्योत भडभडून जळत असते आणि पाटीला वाटतं, गॅस नुसताच सुटलाय! ती तत्परतेने तो बंद करते. म्हणजे त्या रात्री माझी फर्नेस बिघडलेली नव्हती. आंधळी झाली होती.

हे काम घरी करण्यासारखं आहे. फर्नेसची वीज बंद करा, गॅसची चावी आडवी करा, काडीचा एक स्क्रू काढा, बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसा, कोरड्या फडक्याने टिपा, परत लावा. खरबरीत सँडपेपर नको, ओरखड्यांत थर लवकर बसतो. शेजारच्या इग्नायटरला मात्र बोट लावू नका. तो काही जातींत खडूसारखा मोडतो, आणि इंड्यूसर चालूनही उजेडच दिसत नसेल तर बहुधा तोच गेलेला असतो.

काही वेळा बिघाड नसतोच. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटला, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसला गेला होता. त्या दिवशी आमची फर्नेस सकाळपासून रात्रीपर्यंत क्षणभर थांबली नाही आणि घर ६५ च्या वर गेलं नाही. फर्नेस बसवताना त्या गावच्या नेहमीच्या कडाक्याचा हिशेब धरतात, शतकातल्या एखाद्या दिवसाचा नाही. पडदे लावायचे, नळ बारीक सोडून ठेवायचे, म्हणजे भिंतीतले पाइप फुटत नाहीत, आणि स्वेटर चढवायचा. त्याच दिवशी मिशिगनमध्ये गॅस पुरवठ्याच्या एका केंद्राला आग लागली आणि रात्री लोकांच्या फोनवर सरकारी इशारा आला: थर्मोस्टॅट ६५ किंवा त्याखाली आणा. आपापल्या बेसमेंटमधली ही पेटी किती मोठ्या जाळ्याचं शेवटचं टोक आहे, ते तेव्हा जाणवलं.

मेकॅनिकला कधी बोलवायचं, तेही सांगितलं पाहिजे. शरद ऋतूत पहिल्यांदा फर्नेस लावली की धूळ जळल्याचा वास येतो. तासाभरात जातो, घाबरू नका. ब्लोअर नुसता गुणगुणतोय आणि फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तो वीज बंद केल्यावरही झटका देतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. पेटताना ‘धप्प’ असा स्फोटासारखा आवाज येणं, निळ्याऐवजी पिवळी लवलवती ज्योत, ब्लोअर सुरू होताच ज्योतीचं थरथरणं, या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर फर्नेस बंद करून फोन लावायचा. बर्नरजवळ आणखी एक स्विच असतो, ज्योत जागा सोडून बाहेर आली की पडणारा. त्याला हाताने दाबायचं बटण असतं, आणि ते दाबलं की फर्नेस बिनतक्रार सुरूही होते. तिथेच धोका आहे. ते बटण पडलं याचा अर्थ आग जिथे नको तिथे आली होती. या पहारेकऱ्यांना तारेचा तुकडा लावून गप्प करणारे हिकमती लोक मी पाहिले आहेत. तो जुगाड सायकलवर करावा, आगीवर नाही. आणि सडक्या अंड्याचा वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता घराबाहेर पडायचं आणि फोन बाहेर जाऊन करायचा.

तो वास मुद्दाम मिसळलेला असतो म्हणून गॅस कळतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, फ्लू झाल्यासारखं वाटतं आणि माणूस झोपून जातो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने हिवाळ्यात होणारे मृत्यू आपण वाचतो, ते याच वायूने. तिथे ज्योत आणि माणूस एकाच लहानशा खोलीत असतात. फर्नेसमध्ये दोघांमध्ये धातूच्या नळीची भिंत असते, म्हणून ती सुरक्षित. पण पंधरा-वीस वर्षं तापून-निवून त्या भिंतीला चीर जाऊ शकते. धुराची नळी सुटू शकते. अमेरिकेत आग न लागता, नुसत्या या वायूच्या विषबाधेने वर्षाला ४०० हून अधिक माणसं जातात. त्यांतली सगळी फर्नेसने नव्हेत, जनरेटर आणि गाड्याही त्यात आल्या. फर्नेस बंद पडली म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवणं, किंवा कोळशाची शेगडी आत आणणं, हे त्यातलंच.

इलिनॉयमध्ये १ जानेवारी २००७ पासून प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत या वायूचा अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडे कायदा असो वा नसो, अलार्म लावा. तो पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, बॅटरी नवी असली तरी. आणि चाचणीचं बटण दाबल्यावर वाजतो ते भोंगा चालू आहे म्हणून, आतला सेन्सर जिवंत आहे म्हणून नाही. हे पान वाचून झालं की भिंतीवरून तो काढा, उलटा करा आणि मागे छापलेली तारीख वाचा.